खिडकी क्रमांक चार

शेवंताबाई कुचेकर, राहणार कासेवाडी,
तिसऱ्यांदा आल्या. हातात तीच पिशवी,
लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाची.
मी म्हटलं, बाई, मुलगा पंचवीस पूर्ण झाला.
नियमानं आता तुम्ही निराधार नाही.

त्या म्हणाल्या, तो वाघोलीला असतो.
म्हणजे असायचा. दोन दिवाळ्या झाल्या.
जाताना आधार कार्ड विसरून गेला, हे बघा.
मुलाचा आधार माझ्याकडं एवढाच.

रांगेत कुणीतरी हसलं.
मीही हसलो असेन.

नवऱ्याचं विचारलं, रकाना होता म्हणून.
खराडीला, सहाव्या मजल्यावरून.
जाळी होती की साहेब, हिरवी,
ठेकेदारानं नेऊन दाखवली मला.
हा तिच्या पलीकडं पडला.

तुम्हाला वाटेल, माणूस आहे की दगड.
पण याच खिडकीतून सहा वर्षं पैसे नेणाऱ्या
एका गृहस्थांचे हडपसरला दोन गाळे निघाले,
बायकोच्या नावावर.
त्यांनी पाजलेला चहा मी प्यायलोय.
सोसायटीतले पेंडसे म्हणतात,
कुठंतरी रेघ मारावीच लागते हो.
खरंय. तीस वर्षं मी रेघच मारतोय.
पट्टी सरकारी, हात माझा.

नोव्हेंबरात आईला रिक्षानं बँकेत नेलं,
हयातीच्या दाखल्यासाठी. वडील टपाल खात्यात होते,
त्यांच्या माघारी निम्मी पेन्शन तिला येते.
काउंटरवरच्या मुलीनं तिचा अंगठा हलकेच दाबला,
जपून जा आजी, म्हणाली.
मुलगा पंचवीस पूर्ण झाला का,
कुणी विचारलं नाही.
मी सत्तावन्नचा,
तिचा दंड धरून शेजारीच उभा होतो.

शेवंताबाईंच्या अर्जावर 'अपात्र' लिहायचं होतं.
'फेरचौकशी' लिहिलं.
ही दया, की नुसती पुढची तारीख,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
त्यांनी कागदाची घडी केली,
मुलाचं कार्ड घडीच्या आत सरकवलं,
आणि विचारलं, मग कधी येऊ?

मी भिंतीकडं पाहिलं.
कॅलेंडरवर अजून मागचाच महिना होता.