धक्क्याची लांबी

शनिवारी शाळेत वादस्पर्धा ठेवली.
विषय फळ्यावर मीच लिहिला:
‘आपल्या देशाची सर्वांत मोठी चूक’.
खडू दोनदा मोडला. मुयनाकच्या हवेत मीठ आहे,
इथे अक्षरंसुद्धा खरखरीत उमटतात.

पहिला हात गुलय्शाचा: “सर, कुठला देश?”
हशा पिकला. पण प्रश्न खोटा नव्हता.
वडिलांच्या जन्मदाखल्यावर एक देश, तो आता नाही.
माझ्या पासपोर्टवर दुसरा.
आणि घरात रागावतो ती भाषा तिसऱ्याच नावाची.
“जो चुकला तो,” मी म्हणालो
आणि घाईघाईने खुर्चीत बसलो.

अयबेक कापसावर बोलला. आकडे तोंडपाठ.
दोन नद्या, किती कालवे, किती टन पांढरं सोनं.
बोलताना हात नाचवत होता,
सुती सदऱ्याची बाही परत परत खाली येत होती.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
यांच्या थोरल्या भावंडांना दर शरदात
मीच बसमध्ये कोंबून वेचणीला नेत असे, हजेरीवहीसकट.
गैरहजर कोण, ते मी लाल शाईने लिहायचो.

बियबिनाझ म्हणाली, चूक त्याच्याही आधीची.
लिपी बदलली, मग पुन्हा बदलली, मग पुन्हा.
पणजीची पत्रं पेटीत आहेत.
आम्ही ती उन्हाला ठेवतो, वाळवतो,
घडी घालून परत ठेवतो. वाचत नाही कोणी.

परदेबाय म्हणाला, चूक एवढीच
की कुणी ‘नाही’ म्हणालं नाही.
मागच्या बाकावरून आवाज आला:
“म्हणाले ते कुठे गेले, आजीला विचार.”
मग वेळ संपल्याची खूण म्हणून
मी चमच्याने पेला वाजवला, जरा जोरातच.

परीक्षक सार्सेनबाय आजोबा.
एकेकाळी बोटीवर मिस्त्री, आता वाळूतल्या बोटींचे राखणदार.
गुणांचा कागद त्यांनी उलटा ठेवला.

“समुद्र पहिल्यांदा मागे सरला
तेव्हा आम्ही धक्का लांबवला. वीस पावलं.
फळ्या मी ठोकल्या, या हातांनी.
पुढल्या साली चाळीस पावलं.
मग धक्का पुरेना, म्हणून चर खणला,
बोटी पाण्यापर्यंत न्यायला.
पाणी पुढे, चर मागे.
हिवाळ्यात बैठक, वसंतात यंत्र,
आणि शरदात येरे माझ्या मागल्या.
ओव्हरटाइम मात्र चोख मिळायचा.
त्यातून मी सायकल घेतली. निळी.
चांगली होती हो.”

ते थांबले. कवळी सारखी केली.

“मासे संपले, तर आगगाडीने दुसऱ्या समुद्राचे आले.
आम्ही ते डब्यात भरले,
डब्यावर चित्र आपल्याच बंदराचं.
चूक कोणीच करत नव्हतं, पोरांनो.
आम्ही सगळे दुरुस्ती करत होतो.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
गुलय्शाने विचारलं, सायकल कुठे आहे?
“गंजली,” म्हणाले. “दुसरं काय होणार तिचं.”
निकाल न सांगताच उठले.
दारापर्यंतचं अंतर त्यांनी सवयीनं पावलांनी मोजलं,
ओठ हलत होते.

सोमवारी फळा अर्धाच पुसलेला.
‘आपल्या देशाची सर्वांत मोठी’ एवढंच शिल्लक.
त्याखाली गणिताच्या जुमागुलबाईंनी उदाहरण मांडलं होतं:
एका टाकीला दोन नळ…
आणि सगळा वर्ग मान खाली घालून,
जीभ दातांत धरून,
ते मन लावून सोडवत होता.