पांढरीची नोंदवही

आमच्या गावाला दोन माती. काळी आणि पांढरी.
काळीत कापूस, पांढरीत आम्ही.
आणि गिरणेकाठी गावाबाहेर जे टेकाड आहे,
तीही पांढरीच, पण फार जुनी.
तिच्यात कोण, हे कुणी विचारलं नव्हतं.

लोटन आप्पांच्या ट्रॅक्टरनं वीस वर्षं
ती माती केळीला नेली.
घड लोंबतात म्हणायचे, राखेसारखी असते ना.
रोटाव्हेटरला खापरं अडकायची,
ती बांधावर फेकायची.
उन्हाळ्यात बांध तांबडा दिसायचा.

मग पुण्याच्या मॅडम आल्या,
दोन विद्यार्थी, सुतळीची बंडलं, तीन पायांची दुर्बीण.
ग्रामसभेत म्हणाल्या, खोदायला माणसं हवीत.
आप्पांनी विचारलं, रोज किती?
आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव लागणार?

पुरुष तिसऱ्या दिवशी कंटाळले.
कुदळ नाही, टिकाव नाही,
हे काय, खुरपीनं माती कुरवाळत बसायचं.
राहिल्या सोळा बाया.
कपाशीचं कोवळं रोप वाचवत
तण तेवढं उपटणारे हात,
त्यांना कुणी काही शिकवलं नाही.

मी वाचनालयातला. अक्षर बरं
म्हणून नोंदवही माझ्याकडे.
रकाने सहा: क्रमांक, तारीख, चर, खोली, वस्तू, शेरा.
कुणाला सापडलं, हा रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीनं सातवा आखला.
मॅडमनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

क्रमांक एकोणीस. तांबडं खापर, काळ्या रेघांचा मासा.
मॅडम म्हणाल्या, मत्स्याकृती.
डबा घेऊन आलेला नाना भोई वाकून म्हणाला,
मरळ आहे ही. डोकं बघा की, सापासारखं.
शेऱ्यात मरळ लिहिलं.

क्रमांक त्रेचाळीसला काम थांबलं.
चोपलेल्या जमिनीखाली दोन मडकी,
तोंडाला तोंड लावून आडवी.
एकाला तडा, तडीतून आत
काडेपेटीतल्या काड्यांएवढी हाडं.

बायांनी खुरप्या ठेवल्या.
मंजाबाई उठून नदीकडे गेली, ती आलीच नाही.
दात न आलेलं मूल आम्हीही जाळत नाही.
कुठं ठेवलंय, ते प्रत्येकीला ठाऊक असतं.

विद्यार्थ्यानं विचारलं, पण घरातच का पुरायचं?
मॅडम पुस्तकातलं काहीतरी सांगू लागल्या.
ठगूबाई भिल चराच्या काठावरून म्हणाली,
“धाकलं शे ना. भायेर ठेवं तं रातले भ्याई.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं.
मग टोपी काढून बराच वेळ नुसत्याच बसल्या.

दोन दिवस चरात कुणी उतरलं नाही.
गावात बोलणी झाली: बाहेर काढू नका,
बुजवून टाका, पाऊस रुसेल,
आणि नेलंच पुण्याला, तर आपल्याला कोण दाखवणार?
तिसऱ्या दिवशी ठगूबाई एकटी आली,
बांगड्या मागे सारलेल्या.
“मीच काढसू. मन्हा हात हलका शे.”

हलकाच. दवाखाना व्हायच्या आधी
अर्धं गाव याच हातांनी बाहेर आलेलं,
मी धरून.

तिनं खालून तळहात घातले.
माती सुटेपर्यंत थांबली, घाई नाही,
ओठांतल्या ओठांत काही म्हणत राहिली.
मडकं उचललं आणि पटकन
पदराखाली घेतलं. ऊन होतं.

संध्याकाळी वही उघडली.
“मन्हं नाव नको टाकू,” ती म्हणाली,
सापडायला ते हरवलं कुठं होतं?
मग सातव्या रकान्याचं नाव मी खोडलं,
‘कुणाला सापडलं’च्या जागी
‘कुणाच्या हाती’ लिहिलं.
यावर ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

सकाळी वाचनालयाच्या पायरीवर बादली,
काठोकाठ खापरं, बांधावरची.
ठेवणारा दिसला नाही,
पण कडी तारेनं बांधलेली बादली
गावात आप्पांचीच.

एकेक धुतलं, पाठीवर क्रमांक घातला.
चर, रिकामा. खोली, रिकामी.
ते आता कुणालाच सांगता येणार नाही.
शेरा: केळीतून परत.