तीन नोव्हेंबरचा नमुना

ग्दिनियातली ट्रॉलीबस-चालक बोगुमिला
फॉर्मवर ठासून लिहिते: फक्त व्हेप. मार्चपासून.
मी तिची बाटली उणे वीसमधून काढते,
वितळू देते.

कोटिनीन काही सांगत नाही.
ते वाफेचंही, धुराचंही,
दोन्ही घरचा पाहुणा,
आणि तरी पोट भरलेला.

म्हणून मी जाळाची खूण शोधते,
तंबाखू खरोखर पेटली तरच
लघवीत उतरणारा एक रेणू,
ज्याचं नाव माझ्या आईला
अजून एका दमात म्हणता येत नाही.

आठ महिने रेघ सपाट.
तीन नोव्हेंबरला सुळका.

"खोटं बोलली," कोन्राद म्हणाला,
चहा ढवळत राहिला.

मी फोन केला. पलीकडे
बराच वेळ नुसती तारांची गुणगुण.
मग म्हणाली, काल मृतांचा दिवस होता ना.
सगळे कबरीवर मेणबत्त्या लावतात.
लुद्विकला मेणाचा वास सोसत नसे.
त्याच्या ब्रँडची एक पेटवून
दगडावर ठेवते दरवर्षी.
या खेपेला सारखी विझत होती.
ओढावी लागली.
शेवटपर्यंत.

फॉर्मला कारणाचा रकाना नाही.
आकडा लिहिला, होता तसा.
शेजारी, पेन्सिलीनं:
वारा होता.