डावा की उजवा

ब्रागान्सात ऑक्टोबर उतरला की
औषधाच्या दुकानावरचा हिरवा क्रॉस
धुक्यात भरदुपारीच पेटतो.

"डावा की उजवा?" आन्सेल्मू विचारतो.
"डाव्याला टोच. उजव्याने चेस्टनट वेचायचेत."
देओलिंदा तीन स्वेटरांतून
एक दंड शोधून काढते.

पडद्यावर तिच्या नावाखाली आल्बानू.
गेल्या वर्षीचा रकाना रिकामा.
आन्सेल्मू घाईने यादी वर सरकवतो.

"राहू दे," ती म्हणते,
"त्या दिवशी शेळी व्यायली होती.
उद्या जाऊ म्हणाला.
मग रोजच उद्या."

नंतर पंधरा मिनिटं खुर्चीत,
वजनकाट्याशेजारी, गप्प.
निघताना काउंटरवर मूठभर चेस्टनट ठेवते.
एकाला अळीने भोक पाडलेलं,
सुईएवढं.