दिवाणजींची वही

मल्हारगंजातल्या जनावरांच्या दवाखान्यात
मी एकतीस वर्षं कंपाउंडर होतो.
आगाशे डॉक्टर गुरं बघत, टांग्याचे घोडे बघत.
पोपट आला की म्हणत, "हे तू बघ रे."
मग मी बघायचो. म्हणजे, सांगायचो.

शहात्तर साली फणसेबाईंना सांगितलं:
भिजवलेली हरभऱ्याची डाळ, रोज एक हिरवी मिरची,
तिखटानं जीभ सुटते.
पिंजरा गोल घ्या, पितळेचा, वर कळस असलेला.
थंडीत दुधात पाव कुस्करून.
पंख दर महिन्याला छाटा,
म्हणजे मांजर नेईपर्यंत तरी तुमचाच.
त्यांनी लिहून घेतलं
दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर.
पोपट महूच्या हाटातला, नाव दिवाणजी,
मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता
जणू सहीसाठी कागद आलाय.

मग महूच्या कॉलेजातून नवी डॉक्टरीण आली.
म्हणाली, पाखराला दूध पचत नाही.
म्हणाली, गोल पिंजऱ्यात कोपरा कुठंय?
रागावून बसायला त्यालाही कोपरा लागतो.
कात्री तिनं माझ्या हातातूनच घेतली.
दुसऱ्या दिवसापासून मी तेच सांगू लागलो,
त्याच आवाजात, तितक्याच खात्रीनं.
फणसेबाईंनी पान खोडलं, शेजारी लिहिलं.

आरसा लावा, सोबत होते.
दोन वर्षांनी: आरसा काढा, तो स्वतःलाच भरवत बसतो.
रात्री पिंजऱ्यावर काळं कापड. नको, पातळ कापड.
पोह्याची कढई नॉन-स्टिक घेतली असेल
तर त्याला आधी गच्चीत न्या,
त्या धुरानं पाखरू उभ्या उभ्या पडतं.
वहीत आता दुधाला जागा उरली नव्हती.

शेवटी सांगितलं: ठेवूच नका.
कायदा म्हणे आधीपासूनच होता,
आमच्या दवाखान्यात उशिरा पोचला.
बाई बराच वेळ वही धरून बसल्या.
"हे कुठल्या पानावर लिहू?"

सोडायचं म्हटलं तर उडायचं कुणाला होतं?
दार उघडं ठेवलं. दिवाणजी दारापर्यंत यायचे,
रस्त्यावरचे टेम्पो मोजल्यासारखे करायचे,
आत जाऊन दांडीवर बसायचे.
छाटलेली पिसं केव्हाच पुन्हा आली होती,
पण पंखांना सवय नव्हती.

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो.
चहा येईपर्यंत पिंजऱ्यासमोर उभा राहिलो.
सत्तावीस वर्षांचा म्हातारा, एका डोळ्यात सारा.
आणि माझ्याच घशातून,
माझ्या तेव्हाच्या, तिशीतल्या, कडक घशातून
तो म्हणाला,
"रोज एक मिरची. जीभ सुटते."

डॉक्टरीण म्हणायची, मिरची चालेल,
पण पाखराला तिखट लागतच नाही हो.

बाईंनी ताटलीतून एक मिरची पुढं केली.
मी देठ तोडून दिली.
त्यानं आधी बिया खाल्ल्या.