तेरा-तेरा खुणांनी

भोसरीच्या शेडमध्ये, भट्टीपासून सहा हात लांब,
आमचं यंत्र भिंतीला टांगलेलं असतं.
दर चार सेकंदांनी तापमान टिपतं.
पाळी संपली की हुसेन तांबोळी हातमोजा काढून
त्या नोंदीला नाव देतो.

आधी नाव आठ अक्षरांचं असायचं.
मंगळ, लाटेची खूण, एक.
मंगळ, लाटेची खूण, दोन.
"मॅडम, ह्यातला कुठला मंगळवार?"
त्याने विचारलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला,
कारण मलाही कळत नव्हतं.

मग लांब नावं लिहायला बसले.
हाताशी दोन केबी मेमरी,
तपकीर गल्लीतून आणलेली पाच कार्डं (दोन बनावट निघाली),
आणि नळ स्टॉपच्या भाड्याच्या खोलीत
रात्री अकरानंतरची शांतता.

कार्डावर नाव अखंड राहत नाही.
बत्तीस बाइटांची एक खोली,
खोलीत तेरा खुणा, जास्त नाही.
आपल्या मराठीची इथे फार पंचाईत:
काना वेगळा, अनुस्वार वेगळा,
वेलांटीसुद्धा स्वतंत्र भाडं भरते.
आणि खोल्या लागतात उलट्या.
नावाचा शेवट दारात बसतो,
सुरुवात सगळ्यात आत, आखूड नावाला खेटून.
प्रत्येक खोलीत त्या आखूड नावाची बेरीज कोरलेली,
म्हणजे चुकून कुणी दुसऱ्याच्या घरात शिरू नये.

तीन आठवडे गेले.
एकदा सगळी नावं मागून पुढे वाचली जायची,
एकदा 'खेप'चा एकार पुढच्या खोलीत गेला
आणि 'खप' वाचून हुसेन हसत सुटला.
मग चाललं.
नऊ बटणांवर, जाड बोटांनी, तो मनातलं सगळं लिहू लागला.
'गुरुवार वीज गेली तेवीस मिनिटं.'
'नवीन पोराची पहिली भट्टी बरी जमली.'
इतकं मी मागितलं नव्हतं.

श्रावणात पुण्याबाहेरच्या कुठल्याशा कारखान्यात
एक गिअर दाताशी तडकला.
चौकशी आली. साहेबांनी कार्ड माझ्याकडे पाठवलं,
"नोंदी नीट दिसत नाहीत, तपासा,"
वर चिठ्ठी, आणि चिठ्ठीत मागच्या बिलाचं नाव नाही.

यादीत तो मंगळवार नव्हताच.
मी यादी बंद केली, कार्ड कच्चं उघडलं.
बत्तीस बत्तीस बाइटांनी खाली सरकत गेले.

पुसणं म्हणजे काय, ते मीच लिहिलंय, मला माहीत आहे.
प्रत्येक खोलीचा पहिला बाइट खोडायचा, बस.
आखूड नावाचं त्यात पहिलं अक्षर जातं.
लांब नावाच्या खोलीत मात्र पहिला बाइट अक्षर नसतो,
नुसता क्रमांक असतो.
अक्षरं तशीच्या तशी बसून राहतात.

पडद्यावर आलं:

सांगितलं होतं
ला साहेबांना
री खेप तडा गे
मंगळवारची दुस

दोनदा वरून खाली वाचलं.
मग खालून वर.
मोजलं: बरोबर चार खोल्या, तेरा चोक बावन्न,
शेवटाची खूण करायलाही जागा उरलेली नाही.
हुसेनने मोजून लिहिलं नसणार.
त्याला तेवढंच म्हणायचं होतं.

खिडकीखाली कर्वे रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.
बिल एक लाख चाळीस हजारांचं.
मी चार बाइट टाइप केले,
चार, तीन, दोन, एक,
आखूड नावाला त्याचा 'म' परत दिला,
बेरीज जुळली.

सकाळी कार्ड शेडमध्ये यंत्रात खोचलं.
पडदा सोळा अक्षरांचा, नाव त्यात मावत नाही,
म्हणून ते डावीकडे सरकत राहतं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून.
साहेब अजून यायचे होते.
पहिल्या पाळीची माणसं डबे ठेवून
एकेक करून समोर थांबत होती.
हुसेन भट्टीचं दार उघडत होता,
त्याने वळून पाहिलं नाही.