अकरा रुपये उचल

दिवसभर मी स्वारगेट डेपोत तिकिटांचा हिशेब जुळवते,
संध्याकाळी गणेशखिंडीत महायुद्धांचा.
तिकडे तूट आली की पगारातून कापतात.
इकडे कुणाच्या पगारातून कापायची
ते अभ्यासक्रमात नाही.

वय बेचाळीस. एम.ए. भाग दोन.
एका पेपरात महाराष्ट्र, एका पेपरात जग,
मधे पंधरा मिनिटांची सुट्टी
आणि चहात बुडून तुटलेला क्रीमरोल.
घोडक्यांचा प्रज्वल मला ताई म्हणतो,
माझ्या नोट्स नेतो, आणत नाही.
“मुळशी संपली, आता व्हर्साय,”
म्हणत डॉ. रेहाना मुलाणी फळा पुसतात,
मुळशीचा थोडा खडू व्हर्सायच्या अंगावर राहतो.

मोडी शिकले गेल्या उन्हाळ्यात.
आधी कागदभर रेघ ओढायची,
मग दांडीवर धुणं टाकावं तशी अक्षरं टाकत जायची.
शब्द कुठे तोडायचा ते आपलं आपण ठरवायचं.
मी पहिले तीन महिने भलतीकडेच तोडत होते,
एका पाटलाची म्हैस वाचता वाचता दोनदा मारली.

मग एका मंगळवारी, अर्धी रजा टाकून,
दप्तरातला एक रुमाल सोडला.
धूळ नाकात गेली, शिंक आवरली,
आणि अर्जांच्या गठ्ठ्यातून एक बाई बाहेर आली:

भागू कोम सटवाजी ढमाले, मौजे कासारखिंड,
अर्ज करिते ऐसाजे,
मुलगा राघू खेचरांवर नोकर होऊन बसऱ्यास गेला.
जाते समयी अकरा रुपये उचल मिळाली.
त्याउपर दीड साल पगार नाही, पत्र नाही.
जिवंत असल्यास कळवावे.
खेचर मेले असल्यास
त्याची किंमत आम्हांकडे मागू नये.

खाली निशाणी, डावे हाताचा आंगठा.
त्याखाली दुसऱ्याच हातचा शेरा, तांबड्या शाईत:
दप्तरी दाखल.

माझं माहेर ढमाल्यांचं.
गाव कासारखिंड नव्हे, पण दोनच डोंगर अलीकडे.
रात्री दादाला फोन केला,
खापरपणजोबांचं नाव काय रे?
तो म्हणाला, सातबाऱ्यावर नाही म्हणजे नसणार.
मग आवाज खाली आणून,
जमिनीचं काही निघतंय का?

रविवारी खडकीला गेले,
लढाईत मेलेल्यांच्या बागेत.
गवत एका उंचीचं, दगड एका उंचीचे.
राघू तिथे असायचं कारणच नव्हतं,
तरी नावं वाचत गेले, हरवलेलं तिकीटबंडल शोधावं तशी.
माळी नळी गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
“कोण तुमचं?”
म्हटलं, “तेच बघतेय.”

मसुदा परत आला.
‘माझा पूर्वज’ या शब्दांभोवती पेन्सिलीचं कडं,
समासात मुंगीएवढं: पुरावा?
मॅडम रागावल्या नव्हत्या.
म्हणाल्या, माझ्या पणजीचाही असा एक कागद असावा,
असं मी बावीस वर्षं धरून चालले आहे.
छापलं नाही कुठे.

मी खोडलं.
लिहिलं: संबंध सिद्ध होत नाही.
इतकं जड वाक्य आजवर कुठल्या हिशेबात लिहिलं नव्हतं.

परीक्षेत आलं:
पहिल्या महायुद्धाची कारणे विशद करा. गुण सोळा.
तह, वसाहती, शस्त्रं, साऱ्यायेवोतला तो खून,
सगळं ओळीनं मांडलं.
सहा मिनिटं उरली.
पुरवणी मागितली, आधी लांब रेघ ओढली
आणि तिच्याखाली भागूला टाकलं,
उचलीसकट, खेचरासकट.
पर्यवेक्षक दोरा घेऊन डोक्याशी उभा.

‘कोम’ तेवढं खोडावंसं वाटलं.
हात गेलाही होता.
नाही खोडलं.
कागद तिचा आहे.